अठरा तासांच्या अभ्यासामागील माणसे

दरवर्षी १४ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या शाळेच्या सभागृहात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटे सहाला त्रिशरण-पंचशील होते, मुले पुस्तके उघडून बसतात आणि मध्यरात्री बाराला उठतात. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि वसतिगृहांत हा उपक्रम होतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्याची ही रीत मला अतिशय प्रिय आहे आणि गेली अनेक वर्षे आपल्याकडील संयोजन माझ्याकडेच आहे. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा याच उपक्रमाविषयी लिहावे असे ठरविले होते. लिहायला बसल्यावर मात्र एक दूरध्वनी आठवला, आणि लेखाला निराळेच वळण लागले.

आपल्याच शाळेतून दहावी होऊन पुढे मोठ्या शहरातील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या एका विद्यार्थ्याचा तो दूरध्वनी होता. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तो म्हणाला, "सर, झोप लागत नाही. पुस्तक उघडतो, पण वाचलेले डोक्यात शिरत नाही. वर्गात गेलो नाही चार दिवस." मी त्याला विचारले काहीच नाही. उलट उपदेश केला. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अठरा-अठरा तास अभ्यास केला, तुला तर खोली आहे, दिवा आहे, दोन वेळचे जेवण आहे. मग अडते कुठे, असे मी म्हणालो. तो "होय सर" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर कित्येक महिने त्याने माझा फोन उचलला नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी आणि इतिहासाचाच शिक्षक. त्या रात्रीच्या उत्तराची मला आज लाज वाटते. ते उत्तर कठोर होते हे तर खरेच. पण ते इतिहासाला धरूनही नव्हते, ही गोष्ट मला अधिक लागते. अठरा तास आपण मुलांना सांगतो. त्या अठरा तासांच्या मागे कोण कोण उभे होते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

ते आता क्रमाने पाहू. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज एकटाच वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या लक्षात आले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. बागेत वाचणाऱ्या मुलाकडे पाहून पुढे निघून जाणारे त्या दिवसांत पुष्कळ असतील. थांबले ते केळुसकर गुरुजी.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. दरमहा साडेअकरा पौंडांची बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली आणि त्या खोलीत सोबती मिळाला तो नवल भथेना हा पारशी विद्यार्थी. हे नाव आपल्या मुलांना पाठ असायला हवे. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठविलेली शिल्लक होती, छत्रपती शाहू महाराजांची मदत होती आणि याच भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. खोलीतला सोबती आयुष्यभराचा मित्र झाला. इकडे परळच्या चाळीत रमाईने संसार कशावर चालविला, हे आपल्या समाजात कुणाला सांगायला नको. घरची खबरबात आणि कामकाज पाहणारे सीताराम शिवतरकर मास्तर होते. लंडनहून बाबासाहेब त्यांना पत्रे लिहीत.

लंडनमधील पापडाची गोष्ट धनंजय कीरांच्या चरित्रामुळे सर्वांना माहीत आहे. रात्री भुकेने झोप येईना, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले चार पापड भाजून ते वेळ निभावीत. आपण ही गोष्ट भुकेची म्हणून सांगतो. मला आता त्या पापडांत ते देणारा माणूसही दिसतो.

आणखी एक गोष्ट उपक्रमात कधी सांगितली जात नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठाने पहिल्या वेळी जसाच्या तसा स्वीकारला नाही. १९२३ च्या आरंभी तो सुधारून देण्यास सांगण्यात आले. हातातले पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, येथे बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला, प्राध्यापक एडविन कॅनन यांचे मार्गदर्शन कायम राहिले, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. परत आलेला प्रबंध घेऊन खोलीत एकटे बसलेल्या आजच्या संशोधक विद्यार्थ्याला अठरा तासांपेक्षा हे एक वर्ष सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

पण माझ्या मते या विषयाचा खरा धडा बडोद्याच्या प्रकरणात आहे. सप्टेंबर १९१७. परदेशातून शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू होतो आणि शहरात त्याला राहायला जागा मिळत नाही. तो एका पारशी धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर राहतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी त्या मजल्याचे वर्णन केले आहे. मोडक्या सामानाने भरलेली मोठी जागा, मिणमिणता कंदील, डोक्यावरून फिरणारी वटवाघळे आणि बोलायला एकही माणूस नाही. आपल्याला कुणातरी माणसाच्या सोबतीची तहान लागली होती, असे ते स्वतः लिहितात. त्या एकटेपणाचा विसर पडावा म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि ते वाचतच राहिले. बहिणीचा मुलगा उरलेले सामान घेऊन मुंबईहून आला. मामाची ती दशा पाहून तो इतका मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. शहरात ओळखीचे दोघे होते. दोघांच्याही दारी आसरा मिळाला नाही. रात्रीची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

हे त्यांनी लिहिले तेव्हा घटनेला अठरा वर्षे झाली होती. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळे भरून येतात, असे त्यांनी नोंदविले आहे. अठरा तासांचा आकडा आपण भिंतीवर लिहितो. हा अठरा वर्षांचा आकडा कुठे लिहिलेला मी पाहिला नाही. बाबासाहेबांनी दुःख लपविले नाही. १९२६ च्या जुलैत लाडका राजरत्न गेला, तेव्हा दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रातही या धक्क्यातून आपण सावरलो आहोत असे त्यांनी भासविले नाही. मन मोडते हे मान्य करणारा आणि ते मित्राला मोकळेपणाने सांगणारा हा महामानव आहे. त्याचेच नाव घेऊन मी एका मुलाचे तोंड बंद केले होते.

बडोद्यात जो तरुण होता तोच न्यूयॉर्कमध्ये होता. बुद्धी तीच, जिद्द तीच. फरक पडला तो भोवतालच्या माणसांचा. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची चर्चा आपल्याकडे 'मुले नाजूक झाली आहेत' या वाक्याने सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. म्हणून हा फरक मुद्दाम मांडला.

आता आपल्या मुलांकडे वळू. आपल्या शाळेत पाचवीत आलेले मूल दहावीपर्यंत कधी एकटे नसते. पहाटेची घंटा, वंदना, तीन वेळची हजेरी, रविवारी भाकरी-ठेचा बांधून आलेले आईवडील. भोजनगृहातील मावशींना ताटे मोजायची सवय आहे. एक ताट उरले की त्या विचारतात, "कुणाचं राहिलं?" आणि कुणीतरी धावत जाऊन पांघरुणात पडलेल्या मुलाला उठवून आणते. ताप आहे की घरची आठवण, हे मग कळते. हेच मूल अठराव्या-विसाव्या वर्षी विद्यापीठात जाते. तेथे ताट मोजणारे कुणी नसते. दोन दिवस जेवला नाही तरी मेसच्या हिशेबात तेवढाच खाडा. हे स्वातंत्र्यच आहे, आणि ते मिळायलाच हवे. पण त्या स्वातंत्र्याची तयारी आपण करून दिली नाही, ही शिक्षक म्हणून आपली उणीव आहे.

त्यातून ते मूल आपल्या समाजातले असेल तर बडोदा अजून संपलेले नसते. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा अहवाल दिला. वसतिगृहात वेगळे पडणे, शिक्षकांचे सहकार्य न मिळणे, सारे त्यात आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या पाच संशोधक विद्यार्थ्यांपैकी तो एक होता आणि त्याची अधिछात्रवृत्ती थकलेली होती. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातील ती पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनी होती. या दोघांच्या मातांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कोणत्याही मृत्यूचे कारण एका ओळीत सांगता येत नाही आणि सांगूही नये. परंतु प्रत्येक वेळी 'मन कमकुवत होते' एवढेच उत्तर देणे हे संस्थांना सोयीचे आहे, खरे नाही. मुंबईच्या आयआयटीने २०२३ मध्ये, विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारू नये, अशी सूचना काढली. क्रमांक विचारणे म्हणजे जात विचारणे होय, हे मुलांना आधीपासून ठाऊक होते. संस्थेच्या कागदावर ते तेव्हा उमटले.

म्हणून 'समुपदेशक नेमा' एवढ्याने भागणार नाही. समुपदेशक हवाच. पण ज्याची अधिछात्रवृत्ती अनेक महिने आलेली नाही, जो मेसच्या थकबाकीमुळे भोजनगृहाकडे जायला लाजतो, त्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे असे सांगणे ही थट्टा ठरते. (आनापानसती आपण मुलांना शिकवतो आणि तिचे मोल मी जाणतो, तिने बिल भरले जात नाही एवढेच म्हणायचे आहे.) शिष्यवृत्ती वेळेवर जमा होणे हासुद्धा मानसिक स्वास्थ्याचाच कार्यक्रम आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावे लागते, तेव्हा त्या दिवसांत त्यांच्या मनाचे काय होत असेल याचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

कायदा काय सांगतो हे पालकांनी माहीत करून घ्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो मे २०१८ पासून लागू आहे. शासकीय यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरावे आणि तिची काळजी घ्यावी, असेही तो सांगतो. म्हणजे पोलिसांच्या भीतीने असा प्रसंग दडवून ठेवण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. वर सांगितलेल्या दोन मातांची याचिका त्यांच्या अंमलबजावणीसाठीच होती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांतील एक. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. समुपदेशक कोण आणि कुठे बसतो, हेही त्याच खिडकीवर विचारावे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. त्याच्या परवानगीनेच सांगतो. तो ज्या शहरात होता तेथेच त्याचा इथला एक वर्गमित्र नोकरीला होता. शाळेत हे दोघे शेजारी-शेजारी झोपत. मित्राने सलग तीन रविवार फोन केला, उत्तर आले नाही, तेव्हा तो सरळ वसतिगृहावर गेला. खोलीत अंधार होता, आंघोळ किती दिवसांत झाली नव्हती कळत नव्हते, आणि स्वतःची पुस्तके त्याने दुसऱ्यांना वाटून टाकली होती. मित्राने भाषण केले नाही. त्याला नाश्त्याला खाली नेले, रात्री त्याच्याच खोलीत जमिनीवर झोपला, आणि झोपण्यापूर्वी सरळ विचारले, "जीव द्यायचे मनात येते काय?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने कोंडलेला माणूस बोलतो. तो बोलला. दुसऱ्या दिवशी दोघे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृती विभागात गेले.

औषधे सुरू झाली. ती लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. पहिल्या दहा दिवसांत फरक दिसेना, तेव्हा गावाकडून उतारा करण्याचे निरोप येऊ लागले. आईची समजूत त्या मित्रानेच घातली. एक वर्ष वाया गेले असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही. त्याने अभ्यासक्रम पुढच्या वर्षी पूर्ण केला आणि आज तो स्वतः शिकवतो. मला तो दीड वर्षाने भेटला. मी क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही खोटे काही बोलला नव्हता. पण मला त्या वेळी तुमच्याशी अभ्यासाचे बोलायचेच नव्हते." मग आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या विभागात पहिल्याच आठवड्यात एकाने त्याला प्रवेश कोणत्या यादीतून मिळाला हे सर्वांसमक्ष विचारले होते. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसू लागला होता. हे त्याने माझ्यापासून, घरापासून, सर्वांपासून लपवून ठेवले होते. कारण 'आपल्या मुलाने रडायचे नसते' हेही त्याला आम्हीच शिकविले होते.

विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे जात नव्हते. कारण विचारता, तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता असे उत्तर मिळाले. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला समजावले की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही या कथेचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.

पालकांना माझी विनंती लहानशी आहे. आठवड्याच्या फोनमध्ये गुणांच्या आधी "जेवलास काय, झोप लागते काय, कुणाशी बोलतोस" हे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. झोप उडणे, जेवण तुटणे, आंघोळीचा कंटाळा, फोन न उचलणे, वस्तू वाटून टाकणे, मी सर्वांना ओझे झालो असे म्हणणे, यांतले काही दोन आठवडे टिकले तर वाट पाहू नये. शेवटच्या दोहोंसाठी तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी माणूस पाठवावा. टेलिमानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असते आणि तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो.

अठरा तासांचा उपक्रम आपण थांबविलेला नाही. मात्र रात्री आठच्या जेवणानंतर अर्धा तास मी आता मुलांना केळुसकर गुरुजी, नवल भथेना आणि बडोद्याची धर्मशाळा यांविषयी सांगतो. आणि ज्याला झोप येईल त्याने झोपावे, असेही सांगतो. पहिल्या वर्षी दोन-तीन पालकांना हे रुचले नाही.

माजी विद्यार्थ्यांसाठी कार्यालयात एक वही ठेवली आहे. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद, दिल्ली अशी शहरांची पाने पाडली आहेत. जो ज्या शहरात आहे त्याने त्या पानावर आपले नाव आणि क्रमांक लिहावा. आपल्या शाळेचे मूल त्या शहरातील विद्यापीठात गेले की त्याला दोन नावे देऊ. त्या दोघांनी महिन्यातून एकदा खोलीवर जावे, सोबत जेवावे. पुण्याच्या पानावर सात नावे झाली आहेत, मुंबईच्या पानावर चार. हैदराबाद आणि दिल्लीची पाने अद्याप कोरी आहेत, आणि यंदा दोन मुली हैदराबादला चालल्या आहेत. वही गृहपालांच्या टेबलावर असते. रविवारीही कार्यालय उघडे राहील.